मी वाचून न दाखवलेली तीन पानं

मला इंग्रजी कर्सिव्ह, म्हणजे जोडून लिहिलेलं हस्ताक्षर, वाचता येतं, या एवढ्याशा गोष्टीचा मला मागच्या वर्षी इतका माज चढला होता, की आता आठवलं तरी कान तापतात.

त्याचं असं झालं. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात येऊन आम्हाला वीस वर्षं झाली. नवरा पुण्याचा, युनिव्हर्सिटीत आयटीत आहे. मी नागपूरची. आधी डिपेंडंट व्हिसावर घरी बसले, मग एका शाळेच्या कॅफेटेरियात लागले, ती अजून तिथेच आहे. इतक्या वर्षांत या गावात माझ्या इंग्रजीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. उलट मी बोलले की समोरचा 'सॉरी?' म्हणून कान पुढे करायचा. आणि अचानक पलीकडच्या आजींचं माझ्यावाचून अडायला लागलं.

पलीकडच्या आजी म्हणजे आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहणाऱ्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अमेरिकन बाई. त्यांना नावानं हाक मारायला माझी जीभ रेटायची नाही, म्हणून घरात बोलताना 'आजी' आणि तोंडावर 'मॅम'. "मॅम काय म्हणतेस, मी तुझी प्रिन्सिपल आहे का?" असं त्या दर वेळी म्हणायच्या. डोळ्यांच्या मधोमध त्यांना सगळं धूसर झालं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. दार दिसायचं, अक्षर नाही. आणि नेमकं त्याच वेळी त्यांच्या भावाच्या पश्चात त्याच्या घराच्या माळ्यावरून पणजोबांची पत्रं त्यांच्याकडे आली. आधी कुणी उघडून पाहिली होती का, देव जाणे. पाहिली असतील तर बोललं नव्हतं कुणी.

पणजोबा आणि त्यांचा धाकटा भाऊ यादवी युद्धात, म्हणजे इथल्या सिव्हिल वॉरमध्ये, उत्तरेच्या बाजूनं लढायला गेले होते. एक वीस वर्षांचा, एक सतरा. धाकटा परत आला नाही. थोरला युद्ध संपल्यावरही लगेच घरी आला नाही, पश्चिमेला रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर गेला आणि तिथून आईला पत्रं लिहीत राहिला. आजींनी एकेक पत्र फ्रीझरच्या झिपलॉक पिशवीत घालून, अंदाजानंच वर मोठ्या आकड्याचं स्टिकर लावून ठेवलं होतं.

वाचायला आधी माझ्या लेकीला बोलावलं होतं. ती कॉलेजात आहे, इथेच जन्मली. कागद उलटसुलट करून म्हणाली, "आई, आय कान्ट रीड धिस." इथल्या शाळेत तिला कर्सिव्ह शिकवलंच नव्हतं! आजींना अक्षर येत होतं पण दिसत नव्हतं, लेकीला दिसत होतं पण येत नव्हतं. आमच्या शाळेतल्या बाईंनी चार रेघांच्या वहीत गिरवून घेताना माझ्या बोटांवर ज्या पट्ट्या मारल्या होत्या त्या अशा फळाला आल्या. मी कागद घेतला आणि धडाधडा वाचत सुटले. आजींनी तोंडावर हात ठेवला.

मग काय विचारता! मंगळवार-शुक्रवार, दुपारी तीन, शाळेतून सुटले की थेट त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. शाळेच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोटो टाकला, 'अमेरिकन माणसाला त्याच्याच पणजोबाचं पत्र वाचून दाखवणारी नागपूरकरीण.' बदाबदा अंगठे आले. नवरा म्हणाला, "बघ हं, उद्या व्हाइट हाउसमधून बोलावणं येईल." पुणेरीच तो. पण मला ते टोमणेसुद्धा गोड लागत होते.

पत्रंही गमतीची होती. मोजे पाठव, लाल गाय व्याली का, बीन्स खाऊन कंटाळलो, धाकटा माझी कॉफी चोरून पितो. आजी खळखळून हसायच्या. वाचून झालं की मी ते घरी टाइप करायची आणि एक प्रत ओहायोला पोस्टानं पाठवायची.

ओहायोला कुणाला, ते सांगते. कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

पणजोबांना एक थोरली बहीणही होती. युद्धानंतर गावात परतलेल्या कुणा शिपायानं तिला सांगितलं, की धाकटा पडून हाका मारत होता आणि थोरल्यानं ऐकूनही तो गेला नाही. ती घरात हे बोलली. थोरल्यानं तर घरी लिहिलं होतं, की मी त्याला पाठीवर घेऊन दोन मैल चाललो, वाटेत तो गेला. झालं. सगळ्या घरानं बहिणीला खोटारडी ठरवलं, सख्ख्या आईनंसुद्धा. तिला घर सोडावं लागलं. तिचं घराणं ओहायोला वाढलं, आणि 'ती खोटं बोलायची' हा शिक्का तिच्या मुलानातवंडांपर्यंत पोचला. दोन्हीकडची माणसं पिढ्यानपिढ्या एकमेकांकडे जेवली नाहीत.

त्या बहिणीची पणती आता एक्क्याण्णव वर्षांची होती. हॉस्पिसमध्ये, म्हणजे औषधं थांबवून नुसतं सांभाळतात तिथे. तिची आणि आमच्या आजींची अलीकडे फोनवर मैत्री झाली होती. दोघी म्हाताऱ्या भांडण विसरून तासन्‌तास बोलायच्या. ओहायोच्या बाईंचं एकच म्हणणं होतं. "माझी पणजी खोटं बोलली की खरं, एवढं मला मरायच्या आधी कळू दे." आजी त्यांना म्हणाल्या होत्या, पत्रांत असेल तर कळेल, माझी शेजारीण वाचतेय.

म्हणजे मी.

एकतिसाव्या पत्राची पाळी ऑक्टोबरात आली. आजींना आदल्याच आठवड्यात पेसमेकर बसवला होता, अजून दंड वर उचलायची मनाई होती. पत्र रेल्वेच्या कामावरून आलेलं, चार पानी. मला वाचताना डोळे एक ओळ पुढे पळवायची सवय आहे. पहिलं पान हवापाण्याचं होतं. दुसऱ्या पानाच्या वरच्या ओळीवर माझी नजर गेली आणि माझं तोंड बंद झालं.

त्यानं लिहिलं होतं, 'आई, मी त्याला उचललं नाही. तो कुंपणापलीकडे मक्यात पडला होता. दिसत नव्हता, ऐकू येत होता. दुपारपासून हाका मारत होता, आधी माझ्या नावानं, मग तुझ्या. तीस पावलं असतील. सार्जंटनं विचारलं, कोण ओरडतोय, तुझ्या ओळखीचा आहे का? मी म्हटलं, नाही. ताई म्हणते ते खरं आहे.'

पुढे अजून दोन पानं होती. मी ती सगळी मनात वाचली. समोर आजी मान तिरकी करून, कडेच्या नजरेनं माझा चेहरा शोधत बसल्या होत्या.

"काय झालं? थांबलीस का?"

आणि मी सुरू केलं. इथे पाऊस फार आहे. जेवण बरं मिळतं. धाकट्याची रोज आठवण येते. बाप्पा, काय सफाईनं बोलले मी! त्याच्या जुन्या पत्रांतली वाक्यं इकडची तिकडे जोडली, आवाज जरासुद्धा हलला नाही.

"एवढंच?" आजी म्हणाल्या.

"एवढंच."

त्यांनी हात पुढे करून कागद चाचपले. "पण पानं तर चार आहेत."

"पुढची तीन पुसट झालीत. पाणी लागलं असावं. अक्षर लागत नाही."

शाई चांगली ठसठशीत होती. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या पोरानं निब दाबून दाबून लिहिलं होतं, मागच्या बाजूला बोट फिरवलं तरी कळत होतं. आजींचं बोट तिथेच होतं. माझ्यावर विश्वास नसता तर त्यांना तेवढ्यावरूनच कळलं असतं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस. या वयात कशाला? त्यात पेसमेकर आहे." मलाही अगदी तसंच वाटत होतं. आमच्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही. माझी आई शेजारच्या मावशींना पत्रं वाचून दाखवायची. त्यांचा मुलगा फौजेत होता आणि त्यांना वाचता येत नव्हतं. त्याच्या पत्रात ताप असला, गोळीबार असला, की आई ते गाळायची आणि 'मजेत आहे, तुमच्या हातच्या भाकरीची आठवण काढतो' असं घालायची. सगळी गल्ली आईला शहाणी म्हणायची. मृत्यूचं पोस्टकार्ड यायचं कोपरा फाडलेलं, ते तर वाचून लगेच टराटरा फाडून बाहेर टाकायचं, घरात ठेवायचं नाही. आणि इथे या लोकांनी असलं पत्र माळ्यावर जपून ठेवलं, पिशवीत घातलं, नंबर दिला! मला वाटलं, यांनाच कळत नाही.

दोन दिवसांनी आजींचा फोन आला. ओहायोला त्यांनी सांगितलं होतं, तीन पानं पुसट आहेत. "ती म्हणतेय, तुझ्या शेजारणीला सांग, एकदा भिंग लावून बघ. एक शब्द लागला तरी टाइप करून पाठव. बघशील?"

"बघते ना," मी म्हटलं.

आणि शुक्रवारी मी खरंच भिंग घेऊन गेले. दिसत नसलेल्या बाईसमोर भिंग डोळ्याला लावून बसले! कुणाला दाखवत होते मी? दहा मिनिटं 'च्‌ च्‌' केलं आणि म्हटलं, नाही हो लागत. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, तेव्हा. तेव्हा मला मी फार मायाळू वाटत होते.

ओहायोच्या बाई नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेल्या. मी रव्याचा शिरा करून आजींकडे गेले, त्यांना आवडतो म्हणून. त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "शेवटपर्यंत विचारत होती. मी म्हटलं, आता ते कुणालाच कळायचं नाही." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तू केलंस तेवढं पुष्कळ केलंस." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो क्षण होता सांगायचा. मी काय केलं? वाटीत अजून थोडा शिरा वाढला.

नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला लेक घरी आली. आजींना सगळ्या पत्रांचं एक छान पुस्तक करून द्यायचं तिच्या मनात होतं. दुपारी आजींकडून पिशव्या घेऊन आली आणि आमच्या डायनिंग टेबलावर फोननं एकेक पान स्कॅन करत बसली. मी भाजी चिरत होते.

"आई, थर्टी-वन इज नॉट फेडेड," ती म्हणाली. "इट्स द डार्केस्ट वन."

तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण शाई काळी आहे की पुसट, हे बघायला कुठे वाचता यावं लागतं?

मी सांगितलं तिला. सगळं. तिनं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "यू लाइड टू हर?" मी म्हटलं, अगं, त्यांच्या भल्यासाठी, या वयात, पेसमेकर, तुला नाही कळायचं आपल्याकडे कसं असतं. ती मराठीत म्हणाली, मुद्दाम मराठीत, "आबांच्या वेळी तुलाही असंच केलं ना? तू किती रडलीस."

चिरता चिरता माझा हात थांबला. आबा म्हणजे माझे वडील. ते आयसीयूत होते तेव्हा फोनवर आई आणि भाऊ मला आठवडाभर 'जरा ताप आहे, घाबरू नको' सांगत राहिले. माझ्या व्हिसाचे कागद अडकले होते, उगाच जिवाला घोर नको म्हणून. मी पोचले ती तेराव्याला. भावाशी मी वर्षभर बोलले नाही. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं, हे मला आबांच्या जाण्याइतकंच लागलं होतं. आणि तेच मी त्या दोन म्हाताऱ्यांना केलं होतं, वर भिंग लावून.

गॅस बंद केला, पत्र घेतलं आणि पलीकडे गेले. चप्पलसुद्धा घरातलीच होती पायात.

"मॅम, एकतिसावं पत्र पुसट नाही," मी दारातच म्हटलं. "मला सगळं वाचता आलं होतं. मी वाचलं नाही."

आजी टेबलाशी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशीच आलं होतं वाचता?"

"हो."

"भिंग घेऊन आलीस तेव्हा?"

"हो."

"ती जिवंत होती."

मी हातातलं पत्र टेबलावर ठेवलं.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. या वेळी आवाज फाटत होता, दोनदा थांबावं लागलं. तिसऱ्या पानावर त्यानं लिहिलं होतं, की पाठीवर घेतल्याचं खोटं मी तुझ्यासाठी लिहिलं, तू वाट बघत असशील म्हणून. ताईला घरी बोलाव आणि तिला हे दाखव. चौथ्या पानावर पुन्हा तेच, की तिला दाखव.

वाचून संपलं. आजींचा पेसमेकर चालू होता. त्यांना काहीसुद्धा झालं नव्हतं.

"माझे आजोबा सांगायचे," त्या हळूहळू म्हणाल्या, "लहानपणी त्यांच्या घरात कुणाला ओरडून हाक मारायची नाही असा बापाचा नियम होता. पोरं शेतात लांब असली तरी कुणीतरी चालत जाऊन बोलावून आणायचं. आम्हाला वाटायचं, शिस्तीचा माणूस असेल." त्यांनी पत्रावर हात ठेवला. "म्हणजे त्याच्या आईला माहीत होतं. तिनं हे पत्र वाचलं, जपून ठेवलं, आणि मुलीला खोटारडी म्हणू दिलं. का गं?"

"मुलाला वाचवायला असेल," मी म्हटलं.

"आणि तू कुणाला वाचवलंस?"

'तुम्हाला' हे जिभेवर आलं होतं. पण खरं सांगायचं तर मी मला वाचवलं होतं. वाईट वाचून दाखवणारी मी व्हायचं नव्हतं मला. मला ती हसणारी म्हातारी हवी होती, तोंडावर हात ठेवून माझं कौतुक करणारी. मी तसं सांगितलं. इंग्रजी गोळा करून, जमेल तसं.

"मी नवरा पुरला, मुलगा पुरला," आजी म्हणाल्या. "तुला काय वाटलं, एका कागदानं मरेन मी? मला विचारलं तरी असतंस." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "ओहायोला तिची मुलगी आहे. चारी पानं उतरवून तिला पाठव. आणि उशीर का झाला तेही लिही. माझ्या नावानं नको, तुझ्या नावानं."

ती एका पानाची चिठ्ठी लिहायला मला तीन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात आमची संस्कृती होती, वडीलधाऱ्यांची काळजी होती, पेसमेकर तर दोनदा होता. लेकीनं वाचला आणि परत दिला. शेवटी पाच ओळी राहिल्या. तुमच्या आईला हवं होतं ते मला ऑक्टोबरात सापडलं होतं. मी ते लपवलं. त्या हयात होत्या. तुमच्या खापरपणजी खरं बोलल्या होत्या. मला माफी मागायचीही लाज वाटते.

आठवड्यानं ओहायोच्या त्या मुलीचा फोन आजींकडे आला. आजींनी मला बोलावून घेतलं आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. तिकडची बाई साठी-पासष्टीची असावी. आवाज शांत होता, त्यात राग होता की नाही ते मला कळेना.

"शेवटच्या आठवड्यात आई रोज विचारायची, पेनसिल्व्हेनियाचं टपाल आलं का," ती म्हणाली. "तुम्ही भिंग लावून बघताय असं तिला कळलं होतं. मी रोज खाली जाऊन बघायचे आणि वर येऊन सांगायचे, नाही आलं."

मी सॉरी म्हटलं. मी पुन्हा म्हटलं.

"खापरपणजीचा एक फोटो आईच्या उशाशी असायचा," ती म्हणाली. "तो आता माझ्याकडे आहे. काल मी त्याच्यासमोर उभं राहून ते पत्र मोठ्यानं वाचलं. आईसाठी पण वाचलं. सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही."

आणि तिनं फोन ठेवला.